सावलीसारखं मागे फिरताना: नांदेड-लातूरची घरं आणि आर्किटेक्टची इंटर्नशिप

आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला की कुणीतरी सीनियर हातात 'द फाउंटनहेड' ठेवतो. आयन रँडची ही कादंबरी १९४३ सालची. तिचा नायक हॉवर्ड रोर्क कॉलेजातून काढला जातो, काळानं बाजूला सारलेल्या हेन्री कॅमेरॉन या आर्किटेक्टच्या हाताखाली काम शिकतो, आणि पुढे आपल्या आराखड्यात इतरांनी ढवळाढवळ केली म्हणून एक अख्खा गृहप्रकल्प स्फोटानं उडवून देतो. कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडतो आणि सुटतोही. अठरा-एकोणिसाव्या वर्षी हे वाचताना अंगावर काटा येतो.

मग तीन-चार वर्षांनी इंटर्नशिप लागते. पाच वर्षांच्या, दहा सेमिस्टरच्या बी. आर्क.मधलं साधारण एक सेमिस्टर कुठल्यातरी आर्किटेक्टच्या ऑफिसात काढायचं असतं. माझं सेमिस्टर नांदेडच्या एका छोट्या ऑफिसात गेलं. कामं जवळजवळ सगळी राहत्या घरांची, निम्म्या साइट नांदेडात, काही लातूरकडे. त्या काळात माझ्यासमोर एकही घर जसं काढलं तसं बांधलं गेलं नाही. कुणाची सासू जिना फिरवायची, कुणाचे मेहुणे वास्तू बघायचे, मिस्त्री खिडकी सहा इंच सरकवायचा. रोर्कचा न्याय लावला असता तर निम्मं नांदेड जमीनदोस्त करावं लागलं असतं.

आपण सिनेमाचं समीक्षण करतो, पुस्तकाचं करतो, हॉटेलातल्या बिर्याणीचंही करतो. ज्या घरात जन्म काढतो त्याचं मात्र करत नाही, आणि ते घर काढायला शिकवणाऱ्या इंटर्नशिपचं तर नाहीच. म्हणून हा लेख. घर आणि ते शिकण्याची पद्धत, दोन्ही एकत्र तपासून बघू.

तीस बाय पन्नास

इंटर्नचं पहिलं काम ठरलेलं असतं. आधीच्या एखाद्या घराची ऑटोकॅड फाइल उघडायची, मालकाचं नाव बदलायचं, उत्तर दिशेचा बाण फिरवायचा, जिना उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणजे दीड हजार चौरस फूट. पुढे गाडीची जागा, मग हॉल, हॉलच्या मागे किचन, बाजूला एक बेडरूम, जिन्याखाली संडास, वर दोन बेडरूम आणि गच्ची. हा नकाशा नांदेडच्या तरोड्यात दिसतो, लातूरच्या औसा रोडला दिसतो, मधल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतो.

मला हा नकाशा एखाद्या वाटणीपत्रासारखा वाटतो. कुणाला काय मिळालं ते त्यात नीट वाचता येतं. रस्त्याकडची मोकळी हवा गाडीला. सगळ्यात मोठी खोली पाहुण्यांना, जे महिन्यातून चार वेळा येतात. किचन मागच्या भिंतीला चिकटलेलं, त्याची खिडकी शेजाऱ्याच्या कंपाउंडपासून तीन-चार फुटांवर. म्हणजे घरात सगळ्यात जास्त तास जी व्यक्ती उभी असते, तिच्या वाट्याला सगळ्यात कमी उजेड.

मालकाबरोबरची मीटिंग हे इंटर्नशिपमधलं खरं वर्गशिक्षण. बोलतात बहुतेक वेळा पुरुष. समोरून घर कसं दिसेल, वर भाडेकरू ठेवता येईल का, पोर्चखाली मोठी गाडी बसेल का. एका मीटिंगमध्ये तासभर हे चाललं होतं. शेवटी उठताना घरच्या काकू हळूच म्हणाल्या, "सर, सगळं चांगलं हाय, पण भांडे कुठं घासायचे?" सरांनी कागद पुन्हा उलगडला. मागच्या बाजूला धुण्याभांड्याची जागा अंदाजानं सोडलेली होती; तिथं ना उतार दाखवला होता, ना डोक्यावर छप्पर. पेन्सिलीनं तिथं मोरी आली, ओटा आला, वर पत्र्याची पडवी आली, आणि किचनचं दार तिकडे वळलं. त्यामुळे किचनला आरपार वारा मिळाला. त्या घरातला सगळ्यात चांगला बदल काकूंच्या एका प्रश्नातून आला, आणि तो प्रश्न कॉलेजच्या कुठल्याही ज्युरीत मी ऐकला नव्हता.

पायाखालची माती

कॉलेजात साइट म्हणजे कागदावरचा पांढरा चौकोन. इथं ती काळी असते. मराठवाड्याची काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकलेलं घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या भेगा तुम्ही आपल्या किंवा मामाच्या घरी पाहिल्या असतीलच. घरचे म्हणतात, "रंग खराब लागला." बऱ्याचदा रंगाचा दोष नसतो, पाया मुरमापर्यंत गेलेलाच नसतो.

म्हणून चांगला आर्किटेक्ट पहिल्याच दिवशी इंटर्नला खड्ड्यात उतरवतो. काळी माती संपून पिवळट मुरूम लागला का, ते हातानं बघायला लावतो. मालकाला हा खर्च जिवावर येतो, कारण जमिनीत गेलेला पैसा कुणाला दिसत नाही. चार फुटांवर थांबायचं की आणखी खाली जायचं, हा वाद मी खड्ड्याच्या काठावर उभं राहून ऐकला आहे. घराचं आयुष्य तिथं ठरतं, आणि त्या निर्णयाचा फोटो कुणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही.

जमिनीची आणखी एक गोष्ट कागदपत्रांत सापडते. शहराच्या कडेनं शेतं गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली आणि त्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. अशा गुंठेवारीच्या नियमितीकरणासाठी २००१ साली राज्यानं कायदा केला, आणि पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू केला. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली. इंटर्न तिचे तक्ते पाठ करतो: रस्ता किती रुंद, समोर किती जागा सोडायची, बाजूला किती. आणि साइटवर बघतो तर शेजारचा सज्जा आपल्या हद्दीत आलेला, आणि दोन्ही मालकांत बोलणं बंद.

तोंड बघून घर

'एलिव्हेशन' हा शब्द आता मराठवाड्यात मराठीच झाला आहे. "एलिव्हेशन एक नंबर पाहिजे," हे वाक्य न ऐकता इंटर्नशिप पूर्ण होत नाही. मालक फोनवर फोटो दाखवतात. तो फोटो कधी इंदूरचा असतो, कधी केरळचा, कधी कुठल्याच गावाचा नाही, कारण तो थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये जन्मलेला असतो. काळ्या-लाकडी रंगाच्या पट्ट्या, उंच काचा, चौकटीतून चौकट काढलेली, लेसरनं कापलेली जाळी, रात्रीचे पिवळे दिवे.

या आवडीची टिंगल करणं सोपं आहे, आणि आर्किटेक्चरची मुलं ती भरपूर करतात. मला ती टिंगल पटत नाही. ज्याच्या आजोबांना गावात पक्कं घर बांधणं परवडलं नाही, किंवा बांधू दिलं गेलं नाही, त्याच्या नातवानं रस्त्यावर झळकणारं घर मागणं हा दिखावा आहेच, पण हिशेब चुकता केल्याचा आनंदही त्यात आहे. आक्षेप दुसराच आहे. पश्चिमेला तोंड असलेल्या घराला दोन मजली काच लावली की नांदेडच्या मे महिन्यात दुपारी तीननंतर त्या हॉलमध्ये कुणी बसत नाही. मग आतून जाड पडदे, मग एसी, मग वीजबिल. बाहेरच्यांना दाखवायला लावलेली काच आतल्यांनी दिवसभर झाकून ठेवायची, असा प्रकार. एका मिस्त्रीमामांनी असा रेंडर बघून मला विचारलं, "मॅडम, कागदावर ऊन लागत नसतंय का?"

आर्किटेक्टची कसोटी इथं लागते. मालकाला नाही म्हणून काम सोडलं तर तो दुसरीकडे जाऊन तेच करून घेणार. होला हो केलं तर कशाला शिकलात? आमच्या ऑफिसात मधला रस्ता असा निघायचा: चौकटी ठेवायच्या, पण त्या दोन फूट खोल करायच्या, म्हणजे त्याच सज्ज्याचं काम करतील. जाळी ठेवायची, पण काचेच्या बाहेर. फोटोतलं घरही मिळालं आणि सावलीही. रोर्कला ही शरणागती वाटली असती. मला ती रोजच्या कामातली हुशारी वाटते.

माळवदाचं खरं आणि खोटं

उन्हाचा विषय निघाला की जुन्या घरांचं कौतुक सुरू होतं. ढाळज, चौक, ओसरी, जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद. आत कसं गार वाटायचं! हे खोटं नाही. जाड दगड-माती दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते, चौकातून गरम हवा वर जाते, ओसरीमुळे भिंतीवर थेट ऊन पडत नाही. शिवाय रात्री माळवदावर झोपता येतं.

पण कॉलेजच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जो वाडा येतो तो देशमुखांचा किंवा पाटलांचा असतो. गावातले बहुतेक लोक दोन-तीन खणांच्या धाब्याच्या घरात राहत होते. वाड्याच्या चौकात कुणी कुठवर यायचं हे जातीनं ठरलेलं होतं आणि बाईनं ढाळजेत बसायचं नाही हेही ठरलेलं होतं. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. विदर्भातल्या देशपांड्यांचा वाडा त्यात ढासळत जातो, आणि वाड्याबरोबर माणसंही कशी अडकून पडतात ते दिसतं. आपल्या विद्यार्थ्यांच्या मापं घेतलेल्या सुंदर ड्रॉइंगमध्ये नेमकी ही माणसं नसतात.

पाण्याचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. 'जलदूत' हे नाव तेव्हा देशभर गेलं. त्या उन्हाळ्यानंतर घर मागायला येणारा लातूरकर आधी विचारतो, "हौद किती लिटरचा बसेल?" पोर्चखाली जमिनीतला हौद, गच्चीवर टाक्या, बाजूला बोअर. घराचा पाया आखताना हौदाची जागा आधी आणि हॉलची नंतर ठरते. दुष्काळानं नकाशा बदलल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मात्र गच्चीवरचं पावसाचं पाणी त्याच हौदात सोडणारा पाइप बऱ्याच घरांत फक्त परवानगीच्या ड्रॉइंगवर असतो.

३० सप्टेंबरची भिंत

लातूरकडे घर शिकायला जायचं आणि किल्लारीबद्दल बोलायचं नाही, हे शक्य नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून दमलेली माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

जगातले याहून मोठे कितीतरी भूकंप याहून कमी माणसं मारून गेले आहेत. इथं माणसं मेली ती मुख्यतः भिंतींखाली. त्या भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतून एकसंध नव्हत्या. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक थर, आतल्या अंगाला दुसरा, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, सांध्यात चुना-सिमेंट नाही, फक्त माती. वर माळवदाचं ओझं, जे दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून वाढत गेलेलं. जमीन हलली तशा भिंती पोटातून फुगून फुटल्या. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर नीट पेललेला होता, तिथं काही ठिकाणी सांगाडा उभा राहिला आणि भिंती बाहेर पडल्या. म्हणजे मारणारी आणि वाचवणारी, दोन्ही बांधणी एकाच परंपरेतल्या.

हे समजून घेतलं की 'जुनं ते सोनं' आणि 'स्लॅब म्हणजे सुरक्षित', ही दोन्ही वाक्यं गळून पडतात. भूकंपानंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला आणि सिमेंटवर बसला. पण खांबातल्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात वळवून सोडली तर तोही खांब धक्क्यात उघडतो. ती टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, रिंगा खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जवळजवळ हव्यात. भूकंपाचा धोका धरून लोखंड कसं बांधावं याचं भारतीय मानक, आय. एस. १३९२०, योगायोगानं १९९३ चंच आहे. २००२ साली भूकंप नकाशाही बदलला आणि किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला. तरी आज साइटवर रिंग वाकवणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं असेल याची खात्री नाही. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीजवळ केंद्र असलेला धक्का नांदेडलाही जाणवला, तेव्हा व्हॉट्सअपवर दिवसभर व्हिडिओ फिरले. त्यानंतर आपल्या खांबातल्या रिंगा किती अंतरावर आहेत, असं विचारायला आलेला मालक मात्र मी पाहिला नाही.

पुनर्वसनाची बाजू तर प्रत्येक इंटर्नला दाखवावी अशी आहे. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार शेतीवर ठरला: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. मदत देतानाही जुनी विषमता चौरस फुटांत मोजून पुन्हा मांडली गेली. गल्लीबोळांच्या जागी सरळ रुंद रस्ते आले, पट्टीनं आखलेले प्लॉट आले. त्या घरांना ओटा नव्हता, गुरांना जागा नव्हती, दारात बसून शेजारणीशी बोलावं तर मध्ये तीस फुटांचा रस्ता. लोकांनी हळूहळू पुढे पडव्या काढल्या, मागे पत्र्याच्या खोल्या वाढवल्या. माझ्या मते त्या पडव्या हे त्या आराखड्यांचं लोकांनी स्वतः लिहिलेलं समीक्षण आहे.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी ठाऊक आहे. जी गावं जागेवरच राहिली तिथं सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतःच्या देखरेखीखाली केलं. सरकारनं हप्त्यानं पैसे दिले, अभियंत्यांनी तंत्र सांगितलं, आणि गावातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून घरोघर जाऊन ते समजावत फिरल्या. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी पट्टा बांधा. आर्किटेक्ट नावाची व्यक्ती त्यात कुठं ठळक दिसत नाही. पण ज्या घरात राहायचं ते का पडतं आणि कसं उभं राहतं, हे घरातल्या बाईला कळलं. मला ही गेल्या तीस वर्षांतली मराठवाड्यातली सगळ्यात मोठी वास्तुशाळा वाटते.

सही कुणाची?

आता व्यवसायाबद्दल. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कायद्याचं संरक्षण त्या नावाला आहे. घराचा आराखडा काढण्याचं काम इतर कुणी करू नये, असं तो कायदा म्हणत नाही. छोट्या शहरात हे आधीपासूनच सगळ्यांना ठाऊक होतं. इथं घर सिव्हिल इंजिनियर काढतो, ठेकेदार काढतो, मिस्त्री काडीनं मातीत रेघा मारून काढतो.

त्यामुळे नांदेड-लातूरच्या आर्किटेक्टला रोज एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: तुम्ही नसता तर या घराचं काय बिघडलं असतं? पुण्या-मुंबईच्या मोठ्या ऑफिसात हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तिथल्या इंटर्नला त्याचं उत्तरही शोधावं लागत नाही. आमच्या वर्गातली बहुतेक मुलं तिकडेच गेली. परत आली तेव्हा त्यांच्या पोर्टफोलिओत चकचकीत रेंडर होते. त्यांनी सहा-सहा महिने एकाच इमारतीच्या बाथरूमच्या टाइल्स काढल्या होत्या. गावाकडच्या ऑफिसात गेलेल्याला पोर्टफोलिओ दाखवायला लाज वाटते, पण त्यानं पाया, सळई, भांडणं, परवाना, वास्तुशांत, सगळं एकदा जवळून पाहिलेलं असतं.

छोट्या ऑफिसांची बाजू घेताना त्यांचे दोषही मांडायला हवेत. स्टायपेंड नसतोच, किंवा गाडीच्या पेट्रोलपुरता. इंटर्न म्हणजे फुकटचा ड्राफ्ट्समन अशी समजूत पक्की. मुलींना साइटवर कमी आणि ऑफिसात जास्त ठेवलं जातं, "ऊन लागंल" या काळजीच्या नावाखाली. कॉलेजही शेवटी एक लॉगबुक आणि शिक्का मागतं, तुम्ही काय पाहिलं ते विचारत नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव दोन्हीकडे सारखीच: बांधून झालेल्या घरात कुणी परत जात नाही. चावी दिली, जेवण झालं, फोटो काढले, संपलं. इंटर्न घर जन्मताना बघतो, जगताना बघत नाही. काच झाकली गेली का, हौद भरतो का, मागच्या पडवीत पाणी तुंबतं का, ज्या बेडरूमसाठी आठ मीटिंगा झाल्या तिथं आता गव्हाची पोती आहेत का, हे कळल्याशिवाय पुढचं घर सुधारणार कसं? डॉक्टर औषध देऊन आठवड्यानं पुन्हा बोलावतो. आपण तीस-चाळीस लाखांचं घर देऊन पुन्हा फिरकत नाही.

इंटर्नशिपच्या नियमात एकच ओळ वाढवता आली तर मी ही वाढवेन: विद्यार्थ्यानं त्याच ऑफिसचं दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं एक घर मे महिन्यात, दुपारी, घरात बाई असताना बघावं आणि तिच्याशी बोलून चार पानं लिहावीत. त्याला ऑटोकॅड लागत नाही, पुण्याला जावं लागत नाही. तुमच्यापैकी कुणी या उन्हाळ्यात इंटर्नशिपला जाणार असेल तर कॉलेजनं सांगायची वाट बघू नका. सरांकडून एखाद्या जुन्या मालकाचा नंबर घ्या, फोन करून वेळ ठरवा, आणि गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की दुपारी या घरात तुम्ही कुठं बसता.